बिनसाखरेची कॉफी

फहमीसाहेबांना लोकसहभाग हवा होता, लोक नको होते. लोक शाळेत आले की काहीतरी विचारत बसतात. मुलींच्या मुतारीला दार का नाही, एका बाकावर चार-चार पोरं का कोंबलीत, पंखा नुसता लटकतोच का. सहभाग असलं काही विचारत नाही. तो इस्त्रीचे कपडे घालून येतो, फोटोत उभा राहतो, टाळ्या वाजवतो आणि निमूट घरी जातो.

असला सहभाग यंदा त्यांना फार निकडीने हवा होता, कारण जिल्ह्याहून समिती येणार होती. प्रत्येक प्राथमिक शाळेचा वार्षिक समारंभ बघायचा, गाव शाळेच्या किती जवळ आहे ते जोखायचं आणि एका शाळेला ढाल द्यायची, असं वरून ठरलं होतं. ढाल मिळाली की फहमीसाहेब मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून उठून जिल्ह्याच्या कचेरीत बसणार, असं निदान त्यांच्या बायकोने शेजारणींना सांगून ठेवलं होतं.

बहीजाबाईंना त्या ढालीचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या तिसरीला अरबी शिकवायच्या, निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांच्या जिभेला अख्खी शाळा टरकून असायची. त्यांना दुसरंच काही हवं होतं, आणि ते मागायला त्या समारंभाच्या बैठकीत उभ्या राहिल्या.

"साहेब, इन्शिराहबाईंचं काय करायचं?"

इन्शिराहबाई दोन आठवड्यांपूर्वी वारल्या होत्या. पहिलीचा वर्ग त्यांचा. गावातला खाटीक, औषधांच्या दुकानाचा मालक, वकील, ठाण्यातला हवालदार, सगळ्यांची बोटं धरून पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलेलं. लग्न केलं नाही. भाऊ नाही, पुतण्या नाही. घरात फक्त म्हातारी मोठी बहीण, हाज्जा नईमा. आणि गावाची रीत अशी, की माणूस गेलं की घरचे पुरुष रस्त्यात तंबू ठोकतात, दाराशी ओळीने उभे राहतात आणि येणाऱ्याचा हात हातात घेतात. आत शेख कुराण पढतो, बिनसाखरेची कॉफी फिरते, माणूस घटकाभर बसतो आणि उठून जातो. एवढंच. पण एवढंही झालं नाही, तर माणूस वारलं नाही, कुठेतरी हरवलं, असं गावाला वाटत राहतं. इन्शिराहबाईंच्या दाराशी उभं राहायला पुरुष नव्हता, म्हणून तंबू ठोकला गेला नाही. लोक दफनाला गेले, माती लोटली आणि आता कुठे जाऊन बसायचं ते न कळून आपापल्या घरी गेले. हाज्जा नईमाने शेजाऱ्यांकडून कॉफीचे कप मागून आणले होते. चार बायका जिना चढून आल्या तेवढ्याच. बाकीचे कप तिने न विसळता परत केले.

"शाळेने तंबू ठोकावा," बहीजाबाई म्हणाल्या. "तिचं घर म्हणजे ही शाळाच होती. तुम्ही मुख्याध्यापक. दाराशी तुम्ही उभं राहायचं."

फहमीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. नकार द्यायचा असला की ते चष्मा पुसत.

"बहीजाबाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण समारंभ तोंडावर आलाय. आनंदाच्या दिवसांत सुतकी चेहरे कशाला? समिती काय म्हणेल?"

"बरं, तंबू राहू द्या. समारंभात दोन मिनिटं द्या. निवेदन मीच करणार आहे, दोन शब्द तिच्याबद्दल बोलते."

"नावसुद्धा नको. नाव घेतलं की बायका रडायला लागतात. रडका लोकसहभाग समितीला चालत नाही."

बाकीच्या शिक्षकांनी चहाच्या ग्लासांत माना घातल्या. गणिताच्या मास्तरांची तिन्ही पोरं इन्शिराहबाईंनी संध्याकाळी घरी बसवून फुकट शिकवली होती. ते तर ग्लासाच्या तळाशी काही पडलंय की काय असं बघत होते. बहीजाबाईंना त्या सगळ्या माना बघून किळस आली. त्या खाली बसल्या आणि त्या बैठकीत पुन्हा बोलल्या नाहीत.

तंबूचं ठरवायला दुसऱ्या दिवशी तंबूवाला मुअल्लिम दसूकी आला. शाळेच्या पटांगणात गेल्या वर्षी गटाराचा पाइप टाकायला चर खणला होता तो अजून तसाच होता, त्यामुळे समारंभ फाटकाबाहेर रस्त्यातच करायचा होता. लग्न असो, मयत असो की निवडणूक असो, गावात तंबू दसूकीचाच. तेच लाल-निळ्या नक्षीचं कापड, त्याच सोनेरी मुलामा उडालेल्या खुर्च्या. तंबू कशाचा आहे ते वरच्या साजावरून ओळखायचं. रंगीत दिव्यांच्या माळा, ढोल आणि लाल सरबत असलं की लग्न. यातलं काही नसलं की मयत.

"माळा किती लावू?" दसूकीने विचारलं.

"दुपारचा कार्यक्रम आहे. उन्हात दिवे कोणाला दिसणार? गाळून टाक."

"ढोलवाले?"

"मुलं गाणार आहेत ना. ढोल कशाला?"

"सरबत तरी?"

"पोरं अंगावर सांडतात. कॉफी दे, बास."

"फक्त कॉफी," दसूकी म्हणाला आणि थबकला. "बरं. आणि शेख?"

"शेख हवाच. सुरुवात कुराणाने व्हायला हवी."

"वार कोणता?"

"गुरुवार."

दसूकीने साहेबांकडे बघितलं, कोपऱ्यात निवेदनाचे कागद चाळत बसलेल्या बहीजाबाईंकडे बघितलं आणि टोपी काढून परत घातली. मयताच्या घरी लोक गुरुवारीच जमतात, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. "अल्लाह तुम्हाला धीर देवो, साहेब," असं म्हणून तो गेला. साहेबांना वाटलं, समारंभाच्या दगदगीबद्दल बोलतोय. बहीजाबाईंना मात्र तसं वाटलं नाही. पण न विचारता मत द्यायची सवय त्यांनी कालच्या बैठकीत सोडली होती.

गुरुवारी दुपारी तंबू उभा राहिला. शाळेच्या भिंतीवर साहेबांनी हौसेने फलक रंगवून घेतला होता, 'आनंदोत्सव: शाळा आणि समाज, हातात हात'. दसूकीच्या माणसांनी त्याच्यावरूनच तंबूचं कापड ताणून बांधलं. साहेबांना ते दिसलं नाही, कारण ते भाषण पाठ करत होते.

आत सोनेरी खुर्च्यांच्या रांगा, मधून सतरंजी, टोकाला मंच. फाटकाआडच्या व्हरांड्यात पोरं नटून बसली होती. 'प्रगतीची पहाट' नावाचं गाणं बसवलं होतं, त्यात कोणी कापसाचं बोंड झालं होतं, कोणी गव्हाची ओंबी, आणि एक पोरगं 'पाणी वाचवा' सांगणारा नळ. कापसाची बोंडं घामाने चिकट झाली होती. आठ भाषणांनंतर त्यांची पाळी यायची होती.

समितीच्या स्वागताला सगळ्या मास्तरांनी काळे सूट घालून दाराशी ओळीने उभं राहायचं, असा हुकूम होता. त्याप्रमाणे ते उभे राहिले. सर्वांत पुढे फहमीसाहेब. समितीची गाडी मात्र येईना. बोलावलेला लोकसहभागही येईना. नाही माळा, नाही ढोल, नाही सरबत, तर उन्हात भाषणं ऐकायला जातंय कोण! रिकाम्या खुर्च्यांवर माश्या बसल्या होत्या.

"शेखना सांगा, समिती येईपर्यंत पढत राहा," साहेब म्हणाले. "कर्णा बाजाराकडे फिरवा. ऐकून तरी कोणी येईल."

कर्णा फिरवला. शेखचा आवाज गहिरा होता, आणि सरावाने तो मयतातलाच होता. तो सावकाश, थांबत-थांबत बाजारभर पसरला. तंबूत कॉफीवाला तबक घेऊन उभा राहिला, चेहरा धंद्याला शोभेल इतका गंभीर करून. नुसती कॉफी सांगितल्यावर साखर घालायची नसते, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

पहिला आला हाज मेतवल्ली खाटीक. दुकानातून निघाला तो कोपरापर्यंत हात धुऊन, डागाळलेला अंगरखा बदलून. सरळ ओळीपाशी आला, फहमीसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, उस्ताद."

असं कोणी म्हटलं की काय उत्तर द्यायचं हे माणसाच्या तोंडालाच पाठ असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. "तुम्हालाही लाभो, हाज," साहेब बोलून गेले.

"उशीर केलात, पण केलंत. गाव नावं ठेवत होतं तुम्हाला. खोटं कशाला बोलू, मीही ठेवत होतो. माफ करा." मेतवल्लीने पुढच्या मास्तरांचे हात घेतले, गणिताच्या मास्तरांच्या खांद्यावर थोपटलं, आत जाऊन बसला आणि कॉफी घेतली. मग खिशातून मोबाईल काढला आणि हात तोंडापुढे धरून कोणाकोणाला काहीतरी सांगत राहिला.

साहेब बहीजाबाईंकडे वळले. "हा काय बोलला? कोण गेलं?"

"इन्शिराहबाई," बहीजाबाई म्हणाल्या. "दोन आठवडे झाले. तुम्हाला कळवलं होतं."

तोवर औषधवाला आला होता. त्याच्यामागून वकील. मग बाजारातली दुकानं एकेक करून खाली शटर ओढायला लागली आणि माणसांची रांग लागली. भाजीवाले, टेम्पोवाले, कालव्यापलीकडचे शेतकरी, हवालदार गणवेशातच. प्रत्येक जण हात घेत होता, तेच वाक्य म्हणत होता, आणि मास्तरलोक तेच उत्तर देत होते. बायका पुरुषांच्या तंबूत येत नाहीत. त्या बाजूच्या दाराने शाळेत शिरल्या आणि कोणी न सांगता पहिलीच्या वर्गात जाऊन बसल्या, पोरांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून. कोणीतरी रिक्षा पाठवून हाज्जा नईमाला आणलं आणि बहिणीच्या खुर्चीत बसवलं.

फहमीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "माइक घ्या," ते दातांतून बोलले. "सांगा त्यांना, हा समारंभ आहे. आनंदाचा. सांगा लगेच."

"सांगते की," बहीजाबाई म्हणाल्या. "ते उठून जातील. खुर्च्या रिकाम्या होतील. समिती आता येईलच."

साहेबांनी खुर्च्यांकडे बघितलं. एकही रिकामी नव्हती. मागे लोक उभे होते. एवढी माणसं शाळेच्या दारात त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. बहीजाबाई त्यांचा चेहरा बघत होत्या. आधी त्यावर भीती होती, मग हिशेब आला, आणि मग तोंडाचे दोन्ही कोपरे अलगद खाली ओढले गेले. टाय सारखा करून साहेबांनी पुढच्या माणसाचा हात घेतला, तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि डोळे मिटले.

'अरे चोरा,' बहीजाबाई मनात म्हणाल्या.

समिती अखेर आली. समितीचे अध्यक्ष उस्ताद मुहीब गाडीतून उतरले आणि जागच्या जागी थांबले. कितीतरी गावं पालथी घालून ते आले होते. सगळीकडे तेच ढोल, तीच कंटाळलेली पोरं, पहिल्या रांगेत मुख्याध्यापकाचे मेहुणे आणि मागे मोकळ्या खुर्च्या. इथे गर्दी होती, पण शांत. बापये डोळे पुसत होते. तंबू बघून, कॉफी बघून आणि शेखचा सूर ऐकून त्यांचा हात आपसूक पुढे आला.

"कोण वारलं?" त्यांनी हळूच विचारलं.

फहमीसाहेबांनी एक श्वास घेतला. तेवढाच. सरड्यालाही रंग बदलायला याहून जास्त वेळ लागत असेल.

"आमच्या शाळेच्या आद्य शिक्षिका, साहेब. आम्ही ठरवलं, यंदाचा वार्षिक समारंभ त्यांच्या स्मृतीला वाहायचा. शाळेचं दुःख ते गावाचं दुःख. खरा लोकसहभाग आणखी कुठे दिसणार?"

मुहीब त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी जवळच्या खुर्चीवरच्या मेतवल्लीला विचारलं, "हाज, तुम्हाला शाळेने बोलावलं होतं?"

"बोलवायला कशाला लागतं?" मेतवल्ली म्हणाला. "हे कर्तव्य आहे."

"कर्तव्य!" मुहीब आपल्या सोबत्यांकडे वळून म्हणाले. "ऐकलंत? असं उत्तर आपल्याला आजवर कोणी दिलं नाही."

त्यानंतर सगळं भराभर झालं. ही समितीची शेवटची शाळा होती आणि ढाल गाडीतच होती. शेख थांबले. मुहीब मंचावर गेले, थोडं बोलले आणि तिथल्या तिथे ढाल फहमीसाहेबांच्या हातात ठेवली. पितळी होती, बरीच मोठी. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, मयतात कोण वाजवतं? मुहीबना तेही आवडलं.

मग फहमीसाहेब बोलायला उभे राहिले. पाठ केलेलं भाषण उपयोगाचं नव्हतं, पण असल्या माणसाला भाषणाची काय कमतरता.

"इन्शिराह मला बहिणीसारखी होती," ते म्हणाले. "सारखी कशाला, बहीणच. तिच्या वर्गासमोरून जाताना आजही माझे पाय अडखळतात."

त्या वर्गाकडे साहेब वर्षानुवर्षं फिरकले नव्हते. त्या बाजूला पंखा नव्हता. बहीजाबाई मंचाच्या पायरीशी निवेदनाचा माइक धरून उभ्या होत्या.

"आमच्यातल्या काहींनी विरोधही केला," साहेबांचा आवाज आणखी ओला झाला, आणि त्यांची नजर अगदी सहज फिरत बहीजाबाईंवर येऊन थांबली. "म्हणाले, समारंभ तोंडावर आलाय, आनंदात शोक कशाला? समिती काय म्हणेल? पण मी ऐकलं नाही. मी म्हणालो, आधी माझी बहीण."

तंबूतल्या बऱ्याच माना बहीजाबाईंकडे वळल्या. मेतवल्लीने तर नाराजीने मान हलवली. गणिताचे मास्तर पुन्हा खाली बघायला लागले, आता हातात ग्लासही नव्हता.

बहीजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तिन्ही पायऱ्या चढल्या आणि मंचावर येऊन उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य तयार होतं: मंडळी, या माणसाने मला त्या बाईचं नावसुद्धा घेऊ दिलं नव्हतं. एवढं एक वाक्य बोललं की बाकीचं गाव बघून घेणार होतं. ढाल गाडीत परत जाणार होती आणि फहमीसाहेबांना बाजारातून जायला रस्ता उरणार नव्हता. त्यांनी माइक तोंडापाशी नेला.

तेवढ्यात तंबूत खुर्च्या सरकल्या. दोन बायकांच्या हातांचा आधार घेत हाज्जा नईमा शाळेच्या फाटकातून तंबूत येत होती. पुरुषांच्या तंबूत बाई येत नाही, पण तिला कोण थांबवणार? सगळे उठून उभे राहिले. ती सतरंजीवरून एकेक पाऊल टाकत मंचापर्यंत आली. साहेबांना खाली उतरावंच लागलं. ती त्यांच्या छातीलाही पुरत नव्हती. तिने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तर त्यांच्या दोन्ही हातांत ढाल. ती घाईघाईने काखेत मारून त्यांनी एक हात मोकळा केला.

"बाळा," म्हातारी म्हणाली, आणि बहीजाबाईंच्या हातातल्या माइकमधून ते सगळ्या बाजाराला ऐकू गेलं. "मी रोज रात्री अल्लाहशी भांडत होते. म्हणत होते, तिच्या दाराशी उभं राहायला तू एकही पुरुष दिला नाहीस? लोकांची पोरं शिकवून म्हातारी झाली, आणि तिचं कोणीच नाही? आज आतून खिडकीतून बघितलं तुला. उन्हात उभा होतास. तिला भाऊ नव्हता रे. आता आहे."

तिने त्यांचा हात ओढून डोळ्यांना लावला.

काखेतली ढाल घसरत होती, ती फहमीसाहेब कोपराने दाबून धरत होते.

बहीजाबाई वरून दोघांकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडात ते वाक्य तसंच होतं, सगळे शब्द जागच्या जागी. म्हातारीचा चेहरा दोन आठवड्यांत पहिल्यांदा सैल पडला होता. वाक्य बोललं की फहमीचा मुखवटा उतरणार, आणि त्याच्याबरोबर इन्शिराहचा तंबूही. तो तंबू नव्हताच, एक घोटाळा होता, सरबत वाचवण्याच्या नादात झालेला, असं म्हातारीला कळणार. ते वाक्य गिळायला त्यांना फार जड गेलं. इतकं जड की डोळ्यांत पाणी आलं, आणि तंबूला वाटलं, बाई शेवटी पाझरल्या.

मग त्यांना दुसरं काहीतरी सुचलं.

"मंडळी," त्या माइकवर म्हणाल्या, तिसरीच्या वर्गाला धडा वाचून दाखवायच्या ठणठणीत आवाजात, "उस्ताद फहमी स्वतःहून सांगायचे नाहीत, त्यांचा स्वभावच तसा. म्हणून मी सांगते. तुम्ही ऐकलंत, इन्शिराहबाई त्यांची बहीण. आणि भाऊ काही एका दुपारपुरता नसतो. येत्या गुरुवारी हा तंबू इथेच असेल, उस्ताद दाराशी उभे असतील. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. चाळिसाव्या दिवशी गोरगरिबांना जेवण, भात, रोटी आणि मटण, भावाच्या घरून."

"बकरा मी निवडून ठेवतो, उस्ताद!" मेतवल्ली खुर्चीवरून उठून म्हणाला. "चांगला ठेवतो, काळजी नको!"

"आणि ईदला भाऊ बहिणीच्या घरी कहकची बिस्किटं घेऊन जातो, ते तुम्हाला माहीतच आहे. इन्शिराहबाई नाहीत, पण हाज्जा नईमा आहेत. वरच्या मजल्यावर राहतात. जिना अरुंद आहे, पण उस्ताद चढतील. दर ईदला."

"अल्लाह तुमचं भलं करो!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळा तंबू तेच म्हणायला लागला. लोक पुन्हा साहेबांचा हात धरायला पुढे आले.

उस्ताद मुहीब सोबत्यांना सांगत होते, "सातत्य. यालाच म्हणतात सातत्य. चाळिसाव्याला आपण परत यायचं. छायाचित्रकार घेऊन."

फहमीसाहेबांनी मान वर करून बहीजाबाईंकडे बघितलं. तसं त्यांनी आजवर कोणाकडे बघितलं नसेल. बहीजाबाईंनी अगदी अदबीने मान लववली आणि माइक बंद केला.

समिती 'प्रगतीची पहाट' न बघताच गेली. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. कापसाची बोंडं आणि ओंब्या व्हरांड्यातून पहिलीच्या वर्गात जाऊन आपापल्या आज्यांच्या मांडीवर बसल्या. नळ झालेलं पोरगं तोटीसकट झोपून गेलं होतं. वर्षाच्या समारंभात पोरांना तोंड उघडावं लागलं नाही, यावर पोरं सगळ्यांत खूश होती. दसूकी तेवढ्यात साहेबांजवळ येऊन विचारत होता, "मग गुरुवारीही कॉफीच ना? माळा नकोत?" साहेब त्याला काहीतरी बोलले, ते नीट ऐकू आलं नाही.

संध्याकाळी बहीजाबाई हाज्जा नईमाला घरी पोचवायला गेल्या. रिक्षातून उतरल्यावर म्हातारी जिन्याच्या तोंडाशी दम खायला थांबली. कठडा धरून उभी होती, चेहरा अजून तसाच निवांत.

"बहीजा," ती म्हणाली, "इन्शिराह त्या फहमीबद्दल कधी चांगलं बोलायची नाही गं. उलट शिव्याच घालायची. तिचा गैरसमज होता का? खरंच इतका चांगला आहे हा माणूस?"

बहीजाबाईंनी तिच्या कमरेला हात घातला आणि तिला पहिल्या पायरीवर घेतलं.

"आता व्हावंच लागेल त्याला, हाज्जा," त्या म्हणाल्या.